पाटीमागचे खडे

आमच्या घरी कुणाला यायचं असलं की आम्ही फोनवर एकच खूण सांगायचो. हायवे सोडलात की दोन मैल सरळ या, डाव्या हाताला रस्त्याच्या कडेला एक रुपेरी पाटी दिसेल, तिच्या पुढच्याच वळणाला आत शिरा. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. आम्ही राहायचो वॉशिंग्टनजवळच्या हर्नडन गावाच्याही बरंच पलीकडे, जिथे घरं संपून शेतं आणि झाडोरा सुरू व्हायचा. पाटी चुकली की माणूस थेट पुढच्या गावात. मग तिथल्या पेट्रोल पंपावरून फोन यायचा आणि माझा नवरा पायजम्यावरच गाडी काढून त्यांना आणायला जायचा. आमच्या मराठी मंडळींत आमचं नावच 'पाटीवाले' पडलं होतं.

पाटी सरकारी होती. लोखंडी खांबावर बसवलेली, काळ्या ठसठशीत अक्षरांची. इथे अठराव्या शतकात एक मोठा मळा होता, इंग्लंडच्या राजाकडून मिळालेल्या जमिनीवर एका गृहस्थाने हवेली बांधली, हजारो एकरांवर तंबाखू पिकवला, त्यांचा पाहुणचार सगळ्या परिसरात प्रसिद्ध होता, कुणी एक सेनापती इथे मुक्कामाला राहिला होता, पुढे हवेली आगीत जळाली. एवढंच. ती पाटी मी किती वेळा वाचली असेल याला गणती नाही, कारण भारतातून कुणीही आलं की पहिला फोटो पाटीपाशी. वॉशिंग्टनच्या पांढऱ्या इमारती नंतर. पाहुणे खांबाला हात लावून उभे राहायचे, नवरा अक्षरं आणि माणसं दोन्ही मावावीत म्हणून कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत रस्त्यावर जायचा, आणि मी गाड्या येताहेत म्हणून त्याच्यावर खेकसायची. पण हजारो एकरांवरचा तंबाखू त्या पाहुणचारी गृहस्थांनी काय स्वतः खुरपला होता? हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. आणि म्हणे शाळेत इतिहासात माझा पहिला नंबर असायचा.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा भाद्रपद तोंडावर आला होता. आमच्याकडे गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, साड्या नेसवणं नाही. घरच्या सवाष्णीने नाहीतर मुलीने नदीवर किंवा ओढ्यावर जायचं, सात खडे वेचायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि ताटात घालून घरी आणायचे. खडे उचलल्यापासून देवापुढे ठेवीपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही आणि मागे वळून बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी ते वाहत्या पाण्यात सोडून द्यायचे. मी तोवर बागकामाच्या दुकानातल्या, कुंडीत पसरायच्या खड्यांवर भागवलं होतं. पिशवी पंचवीस पौंडांची होती, मला वाटलं आता जन्माची ददात मिटली. ते ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी गौर येते का, म्हणाल्या, आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

ओढा त्यांनीच शोधून काढला. पाटीपाशी फोटो काढताना त्यांना मागे उतार दिसला, उताराखाली वाहतं पाणी असणारच असं त्यांचं म्हणणं. गौरी आणायच्या दिवशी आम्ही दोघी ताट घेऊन उतरलो. ओढा होता, पण आटलेला. चिखल आणि त्यात बिअरचे डबे. मी म्हटलं चला परत. पण सासूबाई नऊवारीचा ओचा वर खोवून, पायात माझे टेनिस शूज, पलीकडच्या उंचवट्यावर चढल्यासुद्धा. तिथे जुन्या, सुरूसारख्या झाडांखाली सगळी जमीन गडद हिरव्या चकचकीत पानांच्या वेलाने झाकली होती. सदाफुलीच्याच जातीचा वेल असावा. आणि त्या पानांत रांगेने मांडल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र गारगोट्या. लिंबाएवढ्या, गुळगुळीत, धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, देवीचीच जागा आहे गं ही. एका उभ्या रोवल्यासारख्या दगडाला टेकून त्यांनी दम खाल्ला, आणि मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे सात गारगोट्या वेचल्या, त्यातल्या त्यात सगळ्यांत पांढऱ्या. जमीन मधे मधे खचलेली होती, बऱ्यापैकी ओळीने. ते मी पाहिलं. पावसाच्या पाण्याने झालं असेल असं मनाशी म्हटलं आणि पाय जपून टाकला. तिसऱ्या दिवशी आम्ही पोटोमॅक नदीवर जिथे बोटी पाण्यात सोडतात त्या उतारावर गेलो आणि खडे पाण्यात सोडले. सासूबाई परत गेल्या, पण जाताना वचन घेऊन गेल्या की दरवर्षी तिथूनच आणीन. वचन मी पाळलं. एरवी चतुर्थीला केक खाणारी मी, या एका बाबतीत कुठून एवढी निष्ठा आली कोण जाणे. परदेशात असं होतं खरं. चार गोष्टी सुटल्या की माणूस पाचवी घट्ट धरून बसतं.

तिसऱ्या वर्षी मी एकटीच गेले होते. हिरवी साडी, हातात चांदीचं ताट. खड्यांना हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, ताटात घेतले आणि उठले, तेवढ्यात वरून, पाटीच्या बाजूने, बाईमाणसाची हाक आली. हॅलो मॅम, एक मिनिट, असं काहीतरी. म्हातारा आवाज होता. दोनदा आला. मी वळले नाही. मान खाली घालून झाडांच्या आडून लांबच्या वाटेने गाडीपर्यंत गेले, ताट शेजारच्या सीटवर ठेवलं आणि निघाले. आरशातसुद्धा पाहिलं नाही. घरी आल्यावर मला स्वतःचं कौतुकच वाटलं, आणि तसं मी सासूबाईंना पत्रात कळवलंसुद्धा.

मग ऑक्टोबरात पाटीशेजारी दुसरी पाटी लागली, लाकडी, तात्पुरती. ही जमीन एका बिल्डरने घेतली आहे, इथे टाउनहाउसेस होणार, रस्ता रुंद होणार, कुणाची हरकत असल्यास काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सभेत येऊन सांगावी. मला त्यात बातमी एवढीच दिसली की जवळ दुकानं येतील.

त्याच आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिने दार उघडलं आणि आत येऊन मला इंग्रजीत सांगितलं की एक ओल्ड लेडी आली आहे आणि तिची हॅट खूप छान आहे. बाहेर एक काळ्या वृद्ध बाई उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या असतील. हातमोजे, काखेत दारोदार फिरून गोळा केलेल्या सह्यांची वही. मला बघताच त्यांचा चेहरा असा उजळला की मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय की काय.

"ताट घेऊन येतेस ती तूच ना?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना आत बसवलं, आल्याचा चहा केला, चिवडा पुढे ठेवला. त्या दिवशी हाक मारली त्यांनीच. पण मी उत्तर दिलं नाही याचा त्यांना राग नव्हता. उलट त्याच माफी मागायला लागल्या, की तू प्रार्थना करत होतीस आणि मी मधेच हाक मारली, माझंच चुकलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या पाटीवरच्या मळ्यावर त्यांची माणसं गुलाम होती. किती पिढ्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ओढ्यापलीकडचा उंचवटा ही त्यांच्या माणसांची दफनभूमी. नावं कोरायला तेव्हा ना परवानगी होती ना कुणाला लिहिता येत होतं. म्हणून डोक्याशी शेतातला एक दगड उभा रोवायचा, अंगावर ओढ्यातल्या पांढऱ्या गारगोट्यांची रांग मांडायची आणि वर तो वेल लावायचा. तो कधी सुकत नाही म्हणून. त्यांची आजी तिथेच पुरलेली. आजीचा जन्म गुलामीतला. गुलामी गेल्यावर ती पुष्कळ जगली, या नातीला तिनेच वाढवलं, आणि मरताना सांगितलं की मला माझ्या आईशेजारी ठेवा, चर्चमागच्या नव्या जागेत नको. तेव्हा या सात वर्षांच्या होत्या. आजीवर गारगोट्या मांडताना त्यांनीही हात लावला होता. दर वसंतात येऊन त्या आजीच्या गारगोट्या ब्रशने घासून धुवायच्या. बाकीच्यांच्या धुणं होत नसे, माणसं पुष्कळ आणि हात दोनच. गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे उतरता येत नव्हतं, तेव्हा गाडी पाटीपाशी लावून तिथूनच बघायच्या.

चहाचा कप हातात होता आणि मला तो खाली ठेवता येईना. मी तर दरवर्षी सगळ्यांत स्वच्छ त्याच वेचल्या होत्या.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आजीवरून रस्ता जाऊ नये. जमीन आता बिल्डरच्या नावावर होती, कागदोपत्री दफनभूमीची नोंद कुठेच नव्हती. बिल्डरचा वकील म्हणत होता की तिथे काही नाहीच, नुसते ओढ्याचे दगड आहेत. त्यांच्या बाजूने बोलणारी सगळी त्यांच्याच चर्चची म्हातारी माणसं. वकील म्हणणार, ही तर घरचीच. म्हणून त्या मला शोधत होत्या. मी त्यांच्या नात्यातली नाही, त्यांच्या धर्माची नाही, देशाचीसुद्धा नाही, आणि तरी दरवर्षी ताट घेऊन त्या थडग्यांवर प्रार्थना करायला येते. मी सभेत उभं राहून एवढंच सांगावं, की हो, तिथे माणसं आहेत आणि मी त्यांना नमस्कार करायला जाते.

मी वहीत सही केली. बघते म्हटलं. गारगोट्या नेल्याचं मात्र सांगितलं नाही. दारात त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि गॉड ब्लेस यू म्हणाल्या.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. आधी तो हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. म्हणाला, अगं, थडग्यांवरचे दगड काढणं हा इथे क्राइम असेल. आपली ग्रीन कार्डची फाइल कुठे अडकली आहे माहीत आहे ना? उद्याच फोन कर आणि जाणं कॅन्सल केलं म्हणून सांग, तब्येत बरी नाही म्हणून सांग. आपण इथे कोण यार, कोणाच्या इतिहासात कशाला नाक खुपसायचं? मी म्हटलं, नाक कसलं, हात घालून बसले आहे मी. फार भांडलो. तो वाईट माणूस नव्हे. घाबरला होता. मीही घाबरले होते, आणि म्हणूनच त्याच्यावर एवढी ओरडले.

दोन दिवस मी कामं करत राहिले आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. माझा व्हिसा नवऱ्यामागून आलेल्या बायकोचा, नोकरीला मनाई, दिवसभर घरात मी आणि माझं डोकं. तिसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडून मी त्या बाईंच्या घरी गेले. चर्चला लागून छोटं पांढरं घर. मी बसलेही नाही. उभ्याउभ्याच सांगितलं की मी प्रार्थना करायला जात नव्हते, म्हणजे करत होते पण तुमच्या माणसांची नाही, आणि दरवर्षी मी सात गारगोट्या उचलून नेल्या. सगळ्यांत पांढऱ्या. तीन वर्षं.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मग त्यांनी विचारलं, कुठे आहेत त्या? मी सांगितलं, नदीत. आमच्यात सोडून द्यावं लागतं. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि हळूच खाली बसल्या. मला वाटलं आता मला घालवून देतील. दिलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

पण थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तू उचलल्यास, म्हणजे त्या तिथे होत्या."

आणि यावर त्यांनी सगळा डाव मांडला. मी हेच जसं घडलं तसं सांगायचं. एका परक्या बाईला तिथे रांगेने मांडलेल्या स्वच्छ गारगोट्या दिसल्या, खचलेली जमीन दिसली, उभा दगड दिसला. ओढ्याच्या दगडांना ब्रशने कोण धुतं? उलट माझ्या सांगण्याने त्यांची बाजू भक्कम होईल. त्यांचा विश्वास बघून मलाही तसंच वाटायला लागलं. खरं सांगते, त्या आठवड्यात मी जरा खूशच होते. आपल्या हातून चूक झाली, पण तीच आता कामी येणार, अशा थाटात मी घरात वावरत होते. नवऱ्याने हात टेकले. म्हणाला, निदान साडी तरी नेसून जाऊ नकोस. मी साडीच नेसून गेले.

सभा काउंटीच्या हॉलमध्ये होती. समोर उंचावर बोर्डाची माणसं, प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, टेबलावर वेळ संपली की लागणारा छोटा लाल दिवा. चर्चची माणसं बोलली. बाई बोलल्या, अगदी सावकाश, आजीबद्दल. मग मी. सगळं सांगितलं. खडे, ताट, न बोलण्याचा नेम, रांग, उभा दगड. खाली बसायला निघाले, तर बोर्डाच्या अध्यक्षांनी वकिलाला दोन प्रश्न विचारायची परवानगी दिली.

वकील तरुण होता आणि अतिशय नम्र. त्याने आधी माझे आभार मानले, की तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं कमी. मग विचारलं, तुम्ही तीन वर्षं तिथे गेलात, तिथे बसलात, हात जोडलेत, तेव्हा एकदा तरी तुम्हाला वाटलं का की ही थडगी आहेत? मी म्हटलं, नाही. मग काय वाटलं? मी काय सांगणार? म्हटलं, ओढ्याचे खडे वाटले. त्याने मान हलवली. मग विचारलं, ते एकाच जागचे उचललेत की वेगवेगळ्या? म्हटलं, चांगला दिसेल तो. नेमकं कुठून ते आज दाखवता येईल का? मी म्हटलं नाही, पण रांग होती, मी रांग पाहिली. तो म्हणाला, थँक यू मॅम, आणि बोर्डाकडे वळला.

पुढे तो काय बोलला ते मला शब्दशः आठवत नाही, आठवायचंही नाही. मतलब असा, की त्यांच्या तज्ज्ञाला तिथे कुठलीही रचना सापडली नव्हती, सापडले ते इतस्ततः विखुरलेले दगड, आणि आता तर या बाईंनीच सांगितलं आहे की लोक येऊन ते दगड हलवतात, नेतात. तेव्हा तिथल्या कुठल्याच दगडावरून कुठलाच निष्कर्ष काढता येणार नाही. इतकी श्रद्धाळू बाई, इतक्या जवळून पाहते, तिलाही तिथे थडगं दिसलं नाही. एवढं बोलून तो खाली बसला. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की मला दिसलं नाही कारण मी आंधळी आहे, मला दाखवलंच नव्हतं कुणी, त्या पाटीवर लिहिलेलं नाही! पण माझी तीन मिनिटं संपली होती. लाल दिवा लागलेला होता.

मंजुरी मिळाली. वर अट घातली की खोदताना हाडं सापडली तर काम थांबवावं. बाहेर पार्किंगमध्ये चर्चमधल्या एका वयस्क गृहस्थांनी मला समजावून सांगितलं, कसलाही राग न ठेवता, की इथली माती आंबट असते, इतक्या वर्षांत हाडं विरघळून जातात, काही सापडणार नाही. तेवढ्यात बाई माझ्यापाशी आल्या. मला रडू आवरेना. सॉरी सॉरी एवढंच मी म्हणत राहिले. त्यांनी माझा पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाल्या की तू खरं बोललीस. त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तर मी त्यांच्या पाया पडले असते.

थंडीत बुलडोझर आले. पाटीचा रस्ता आमच्या रोजच्या येण्याजाण्याचा, त्यामुळे मुलीला शाळेत सोडताना रोज दिसायचं. आधी झाडं गेली. मग उंचवटा. हाडं सापडली नाहीत, काम एक दिवसही थांबलं नाही. रुपेरी पाटी मात्र सांभाळून काढून ठेवली होती. रस्ता रुंद झाल्यावर तिला नवा रंग देऊन पन्नासएक पावलं पुढे बसवली. मजकुरात एक अक्षरही बदललं नव्हतं. पाहुण्यांना आता आम्ही दुकानांची खूण सांगायला लागलो. मी सासूबाईंना यातलं काहीही कळवलं नाही. त्या पत्रात विचारायच्या, देवीची जागा कशी आहे, आणि मी लिहायची, छान आहे. आणखी काय लिहिणार होते? म्हाताऱ्या माणसाला सात समुद्रांपलीकडून काय सांगणार होते?

एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तू त्या जिथे सोडल्यास ती जागा मला दाखवशील का? मी लगेच निघाले. त्या हॅट घालून दारातच उभ्या होत्या. गाडीत बसल्यावर मांडीवर कागदी पिशवी, पिशवीत त्यांचा तो ब्रश. तो ब्रश बघून मला गाडी चालवणं कठीण झालं.

पाऊस झाल्याने नदीला गढूळ पाणी होतं. बोटींच्या उतारावर कुणी नव्हतं. मी त्यांना हात धरून अगदी काठापर्यंत नेलं आणि दाखवलं, इथे, या दगडावर उभी राहून. त्यांनी विचारलं, लांब फेकल्यास का? म्हटलं, नाही, हाताने अलगद सोडल्या. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाल्या, "आजी या नदीच्या काठी कधी यायची नाही. तिच्या भावाला विकलं तेव्हा इथूनच बोटीत घालून खाली नेलं होतं. तो नऊ वर्षांचा होता."

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. काय करणार होते, मला माहीत नाही. गुडघाभर पाण्यात वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपत राहिले. साडी भिजली, बोटं बधिर झाली, पाणी बर्फासारखं गार. काठावरून त्या म्हणत होत्या, वर ये, आजारी पडशील. मला ऐकायचं नव्हतं. चिखलात हाताला लागेल तो गुळगुळीत दगड मी वर काढत गेले, धूत गेले, पांढरा असेल तो पदरात टाकत गेले. दहा-बारा झाले तेव्हा वर आले आणि त्यांच्यासमोर पदर धरला.

त्यांनी पिशवीतून ब्रश काढला. हातमोजे काढून ठेवले. एक एक गारगोटी उचलून, उलटीसुलटी करून पाहिली, घासली, परत माझ्या पदरात ठेवली. सगळ्या पाहून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "यातली आजीची कुठली?"

तीन वर्षं मी त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, हात जोडले होते, नैवेद्य दाखवला होता. मला एकही ओळखता आली नाही.